फोटो पुसट आला, दोष कोणाचा?

आमच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशीची ही गोष्ट. निरोप समारंभ आटोपल्यावर बाईंना खिडकीजवळ खुर्चीवर बसवून आम्ही एक फोटो काढला. कॅमेरा एका माजी विद्यार्थ्याने शाळेला भेट दिलेला होता: आरशाचा, डिजिटल. लेन्स मात्र आम्ही वेगळी, दुसरीकडून घेतली होती. कॅमेऱ्यातला ठिपका बाईंच्या डोळ्यावर आणला, बटण अर्धे दाबले, 'फोकस झाला' असे सांगणारा बारीक आवाज आला आणि फोटो काढला. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर तो छानच दिसत होता.

चौकटीत लावण्यासाठी फोटो मोठा करून आणला तेव्हा घोटाळा लक्षात आला. बाईंचे डोळे पुसट होते आणि कानातल्या कुड्यांचे मोती मात्र एकेक मोजून घ्यावेत इतके रेखीव. तोवर बाई मुलाकडे परगावी राहायला गेल्या होत्या. शाळेतला तो शेवटचा दिवस पुन्हा येणार नव्हता.

आम्ही कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने स्वतःजवळची लेन्स लावून पाहिली आणि कॅमेरा ठीक असल्याचे सांगितले. मग लेन्स विकणाऱ्याकडे गेलो. त्याने ती आपल्या कॅमेऱ्यावर चढवून पाहिली आणि लेन्स ठीक असल्याचे सांगितले. दोघांनी काढलेले फोटो आम्ही डोळ्यांनी पाहिले. दोघेही खरेच बोलत होते.

दोन निर्दोष वस्तू एकत्र आल्यावर चूक कोठून येते? हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याबरोबर जन्मला असे वाटेल, पण तो जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागेल.

डोळ्याचा फोकस आणि पत्र्याचा फोकस

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडिनच्या वाफेवर धरून प्रकाशाला संवेदनशील करायचा आणि कॅमेऱ्यात ठेवायचा, अशी ही पद्धत होती. दोन वर्षांत, १८४१ मध्ये, आंत्वान क्लोदे या फ्रेंच गृहस्थांनी लंडनमध्ये व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ उघडला. क्लोदे मूळचे लियों शहरचे, आणि लंडनमध्ये त्यांचा काचेचा व्यापार होता. आयोडिनबरोबर क्लोरीनही वापरून त्यांनी पत्र्याची संवेदनशीलता वाढवली आणि समोर बसणाऱ्याला ताटकळत ठेवण्याचा वेळ कमी केला.

त्या काळी फोकस करायची रीत अशी: कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच लावायची, लेन्स पुढेमागे करून काचेवरची प्रतिमा डोळ्यांना रेखीव दिसेल असे करायचे, मग काच काढून नेमक्या तिच्याच जागी पत्रा बसवायचा. यात चुकायला जागा नाही असे वाटते. तरीही पुष्कळ चित्रे पुसट येत. समोरचा माणूस हलला असेल असे म्हणणे सोपे होते. पण निर्जीव वस्तूंची चित्रेही पुसट आली, तर दोष कोणाला द्यायचा?

क्लोदे यांनी १८४० च्या दशकात या प्रश्नाचा पाठपुरावा केला. डोळ्यांना जेथे प्रतिमा सर्वांत रेखीव दिसते, तेथे पत्र्यावर ती सर्वांत रेखीव उमटत नाही, असे त्यांना आढळले. कारण आज आपल्याला समजते. आपला डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. दागेरचा पत्रा मात्र निळा, जांभळा आणि त्याच्याही पलीकडचा अतिनील प्रकाश टिपत असे. निळे किरण भिंगातून जाताना अधिक वळतात, म्हणून त्यांची नाभी वेगळ्या ठिकाणी पडते. फोकस पिवळ्या किरणांवर जुळवायचा आणि चित्र निळ्या किरणांनी काढायचे, असा हा उलटा कारभार होता. डोळा बरोबर होता, पत्राही बरोबर होता. फक्त ते दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत नव्हते.

हे वर्गात सहज दाखवता येते. २० सेंटिमीटर नाभीय अंतराचे साधे बहिर्वक्र भिंग घ्या. बल्बसमोर लाल जिलेटिन कागद धरून त्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर रेखीव करा आणि कागदाची जागा खडूने टिपून ठेवा. मग निळा कागद धरा. प्रतिमा पुसट होईल, आणि कागद काही मिलिमीटर भिंगाकडे आणल्यावर पुन्हा रेखीव होईल. साध्या काचेच्या अशा भिंगात लाल आणि निळ्या किरणांच्या नाभींत सुमारे ३ मिलिमीटरचा फरक असतो.

फरक आहे एवढे कळून भागत नाही, तो किती आहे ते मोजावे लागते. त्यासाठी क्लोदे यांनी १८४९ मध्ये 'फोसिमीटर' नावाचे साधन पुढे आणले. पंख्याच्या पात्यांसारखे, आकडे घातलेले तुकडे एका आडव्या दांड्यावर एकामागे एक, ठरावीक अंतराने बसवलेले असत. मधल्या तुकड्यावर डोळ्याने फोकस करायचा, चित्र काढायचे आणि चित्रात कोणता आकडा सर्वांत रेखीव आला ते पाहायचे. मधला नसून त्याच्या मागचा किंवा पुढचा आला, तर चूक कोणत्या दिशेने आणि किती हे एका दृष्टिक्षेपात कळे. मग फोकस जुळवल्यावर पत्रा तेवढाच सरकवून घ्यायचा.

येथे एक लक्षात घ्या. क्लोदे यांनी लेन्स बदलली नाही आणि पत्राही बदलला नाही. त्यांनी दोघांमधला फरक मोजला आणि तेवढी दुरुस्ती हिशेबात धरली. पुढे लेन्स करणाऱ्यांनी भिंगांची रचनाच अशी केली, की डोळ्याची आणि पत्र्याची नाभी एकत्र यावी. पण मोजून दुरुस्ती करण्याची ही युक्ती नंतर पुन्हा एकदा उपयोगी पडणार होती.

केसाच्या जाडीची चूक

आता जरा आकडेमोड करू. आमच्या लेन्सचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर होते आणि बाई कॅमेऱ्यापासून साधारण २ मीटरवर बसल्या होत्या. भिंगाचे सूत्र वापरले तर त्यांच्या डोळ्यांची प्रतिमा भिंगामागे ५१.२८ मिलिमीटरवर पडते. समजा, सेन्सर ५१.२८ ऐवजी ५१.२३ मिलिमीटरवर आहे. म्हणजे चूक फक्त ०.०५ मिलिमीटरची, एखाद्या बारीक केसाच्या जाडीइतकी. आता सूत्र उलटे चालवून पाहा: ५१.२३ मिलिमीटरवर कोणत्या अंतरावरची वस्तू रेखीव येईल? उत्तर येते सुमारे २.०८ मीटर. कॅमेऱ्यातल्या केसभर चुकीने बाहेर फोकस ८ सेंटिमीटर मागे जातो. माणसाच्या डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर साधारण तेवढेच असते!

विद्यार्थ्यांना हे गणित जरूर सोडवायला द्यावे. भिंगाचे सूत्र परीक्षेपुरते नसते, हे त्यांना त्यातून पटेल.

लेन्सचे छिद्र लहान केले तर अशी चूक झाकली जाते, कारण किरणांचा शंकू अरुंद होतो आणि थोडे पुढेमागे झाले तरी पुसटपणा जाणवत नाही. पण खिडकीच्या मंद उजेडासाठी आम्ही छिद्र पूर्ण उघडे ठेवले होते. तेथे चूक लपायला जागा नव्हती.

क्रमांकाने बांधलेली जोडी

केसाएवढी अचूकता कारखान्यात कशी आणायची, हा प्रश्न १९३० मध्ये जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीपुढे उभा राहिला. ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला, खिशात मावणारा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला होता. त्याची लेन्स पक्की बसवलेली असे. १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा लायका आला. पण या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक कॅमेऱ्यात किंचित वेगळे असे. म्हणून प्रत्येक लेन्स एका विशिष्ट कॅमेऱ्यासाठी जुळवून द्यावी लागे, आणि त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकातले आकडे लेन्सवर कोरलेले असत. अशी लेन्स भावाच्या कॅमेऱ्यावर लावली तर फोकसची खात्री नाही.

१९३१ मध्ये कंपनीने हे अंतर सर्व कॅमेऱ्यांसाठी २८.८ मिलिमीटर असे ठरवून टाकले. प्रमाणित केलेल्या लेन्सच्या कड्यावर '०' कोरलेले असे. त्या एका शून्याचा अर्थ मोठा आहे. पूर्वी लेन्स आणि कॅमेरा एकमेकांशी जुळवले जात होते. आता दोघेही एका तिसऱ्याच गोष्टीशी, कागदावर लिहिलेल्या मापाशी, स्वतंत्रपणे जुळवले जाऊ लागले. कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्यावर चालू लागली.

पण कोणतेही माप कारखान्यात तंतोतंत पाळता येत नाही. थोडी मुभा ठेवावीच लागते. यंत्रशाळेत तिला टॉलरन्स म्हणतात. समजा, कॅमेऱ्याला ०.०३ मिलिमीटर इकडेतिकडे चालेल आणि लेन्सलाही तेवढेच चालेल. कॅमेऱ्याची चूक एका बाजूला आणि लेन्सची दुसऱ्या बाजूला असेल तर त्या एकमेकींना खोडतात. दोन्ही एकाच बाजूला असतील तर बेरीज ०.०६ होते आणि फोटो बिघडतो. दुरुस्ती करणाऱ्याचा कॅमेऱ्याला 'ठीक' म्हणणारा शेरा आणि विकणाऱ्याचा लेन्सला 'ठीक' म्हणणारा शेरा असा एकाच वेळी खरा असू शकतो. चूक वस्तूत नसून जोडीत असते.

दोन छिद्रांची गोष्ट

१९३२ मध्ये लायकाने आणि काँटॅक्सने लेन्सला जोडलेला अंतरमापक कॅमेऱ्यातच बसवला. दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर आणल्या की फोकस झाला असे समजायचे. एकच लेन्स असलेल्या आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस लेन्समधूनच पाहता येई. आरसा प्रतिमा वर दुधी काचेवर टाकी, आणि फोटोच्या क्षणी उचलला जाऊन फिल्मला वाट मोकळी करी. १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्याने ही रचना व्यावसायिक छायाचित्रकारांत रुजवली. दोन्ही प्रकारांत निर्णय मात्र माणसाचा डोळाच घेत होता.

ते काम यंत्राकडे सोपवायचे तर यंत्राला पुसट आणि रेखीव यांतला फरक कळायला हवा. एवढेच नाही, पुसट असेल तर लेन्स पुढे न्यायची की मागे, हेही कळायला हवे. त्यासाठी जे तत्त्व वापरले गेले ते फार जुने आहे. क्रिस्टोफ शाइनर हे जर्मन जेझुइट धर्मगुरू सूर्यावरच्या डागांच्या निरीक्षणांसाठी प्रसिद्ध आहेत. १६१९ मध्ये त्यांनी डोळ्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात पुठ्ठ्याला जवळजवळ दोन बारीक छिद्रे पाडून त्यांतून पाहण्याचा प्रयोग आहे. डोळा ज्या अंतरावर जुळलेला असतो त्या अंतरावरची वस्तू एकच दिसते, पण त्याच्या अलीकडची किंवा पलीकडची वस्तू दोन दिसते.

हाच प्रयोग भिंगावर करून पाहा. २० सेंटिमीटरच्या त्याच भिंगावर पुठ्ठा लावा. पुठ्ठ्याला डावीकडे आणि उजवीकडे, दोन-तीन सेंटिमीटर अंतराने, पेन्सिलीएवढी दोन छिद्रे पाडा. एक मीटरवर मेणबत्ती ठेवा आणि भिंगामागे पांढरा कागद धरा. कागद सुमारे २५ सेंटिमीटरवर असेल तेव्हा एकच ज्योत दिसेल. कागद भिंगाकडे आणला की दोन ज्योती दिसतील, आणि लांब नेला तरी दोनच दिसतील. आता एक छिद्र बोटाने झाका. कागद जवळ असेल तर झाकलेल्या छिद्राच्या बाजूची ज्योत नाहीशी होते. कागद लांब असेल तर विरुद्ध बाजूची नाहीशी होते, कारण किरण नाभीपाशी एकमेकांना ओलांडून गेलेले असतात. म्हणजे दोन ज्योतींमधले अंतर चूक किती ते सांगते, आणि कोणती ज्योत कोणत्या छिद्राची यावरून चुकीची दिशा कळते.

स्वयंचलित फोकस करणारा सेन्सर नेमके हेच करतो. लेन्सच्या दोन कडांमधून आलेल्या किरणांच्या दोन प्रतिमा तो प्रकाशसंवेदी घटकांच्या दोन ओळींवर पाडतो आणि त्यांच्यातले अंतर मोजतो.

हे प्रत्यक्षात यायला मात्र वेळ लागला. १९७६ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात लाइट्झ कंपनीने आपल्या पद्धतीचा नमुना दाखवला. १९७७ मध्ये जपानचा कोनिका सी३५ एएफ हा स्वयंचलित फोकसचा कॅमेरा बाजारात आला. त्यातला भाग हनीवेल या अमेरिकी कंपनीने विकसित केला होता. १९७८ मध्ये पोलरॉइडने वटवाघळासारखी युक्ती केली. कॅमेरा माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडी आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढी. बंद खिडकीतून बाहेरचे दृश्य टिपायचे असेल तर हा कॅमेरा फसे, कारण प्रकाश काचेतून पार जातो पण ध्वनी काचेवरून परत येतो. मोजणारी लाट वेगळी आणि चित्र काढणारी लाट वेगळी. क्लोदे यांना हे ऐकून आश्चर्य वाटले नसते.

१९८५ मध्ये मिनोल्टा ७००० हा आरशाचा कॅमेरा आला. त्यात फोकस मोजणारा सेन्सर आणि लेन्स फिरवणारी मोटर, दोन्ही कॅमेऱ्याच्या आतच होते. हा कॅमेरा फार लोकप्रिय झाला आणि इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. हनीवेलने मात्र आपल्या पेटंटांचा भंग झाला म्हणून मिनोल्टावर दावा लावला, आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला सुमारे १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवावा लागला.

फाटा फुटलेली वाट

आता अशा कॅमेऱ्याच्या आत डोकावू. लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडतो. त्यातला बराचसा वर दुधी काचेकडे जातो. पण आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून थोडा प्रकाश मागे जातो, तेथे एक छोटा उपआरसा तो खाली वळवतो, आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला फोकसचा सेन्सर तो मोजतो. फोटो काढताना दोन्ही आरसे उचलले जातात आणि प्रकाश सरळ फिल्मवर किंवा चित्राच्या सेन्सरवर जातो.

म्हणजे फोकस मोजला जातो एका ठिकाणी आणि चित्र उमटते दुसऱ्याच ठिकाणी. लेन्सपासून या दोन्ही ठिकाणांपर्यंतची वाट केसाच्या जाडीइतकीही कमीजास्त असता कामा नये. आरसा किंचित कलला, टेकण्याची खीळ झिजली, की सेन्सर अगदी प्रामाणिकपणे 'फोकस झाला' म्हणतो आणि चित्र पुसट येते.

दुसरी अडचण लेन्समुळे येते. फोकसचा सेन्सर लेन्सच्या ठरावीक भागांतून आलेलेच किरण पाहतो. मोठ्या छिद्राच्या लेन्समध्ये अगदी कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा थोड्या वेगळ्या जागी एकत्र येतात. चित्र मात्र सर्वच किरणांनी बनते. शिवाय विजेच्या पिवळ्या दिव्याखाली आणि उन्हात सेन्सरला वेगवेगळ्या रंगांचे किरण मिळतात, आणि त्यानेही मापन किंचित हलते. पुन्हा तेच जुने दुखणे: मोजणारे किरण आणि चित्र काढणारे किरण वेगळे.

फिल्मच्या काळात या चुका फारशा बोचत नसत, कारण बहुतेक फोटो पोस्टकार्डाएवढे छापले जात. डिजिटल कॅमेरा आल्यावर कोणीही आपला फोटो पडद्यावर हवा तेवढा मोठा करून पाहू लागला. २०१२ पर्यंत निकॉनचा ३६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आला होता. चुका वाढल्या नव्हत्या, त्या दिसू लागल्या होत्या.

अशा वेळी कॅमेरा आणि लेन्स दुरुस्ती केंद्रात पाठवून जुळवून घेणे हा उपाय होता. २००७ मध्ये कॅननने आपल्या ईओएस-१डी मार्क ३ या कॅमेऱ्यात ही जुळणी वापरणाऱ्याच्या हाती दिली. प्रत्येक लेन्ससाठी उणे २० ते अधिक २० यांमधला एक आकडा निवडायचा. ती लेन्स लावली की कॅमेरा तेवढी दुरुस्ती आपोआप करी. त्याच वर्षी निकॉननेही डी३ आणि डी३०० मध्ये अशी सोय दिली. गंमत अशी, की कॅननच्या याच कॅमेऱ्याच्या फोकसबद्दल तक्रारी आल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी कंपनीला त्याच्या उपआरशाची दुरुस्ती जाहीर करावी लागली. आकडा भरून यंत्रातला दोष जात नाही. जो फरक स्थिर असतो तोच आकड्याने भरून निघतो.

मोजणी करायची कशी?

हा आकडा शोधायची पद्धत पाहिली की फोसिमीटरची आठवण होते. एक पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर, सेन्सरला समांतर, उभा ठेवतात आणि त्यावर फोकस करतात. शेजारी एक मोजपट्टी तिरकी ठेवतात, तिचा शून्य पुठ्ठ्याच्या रेषेत. छिद्र पूर्ण उघडे, कॅमेरा तिवईवर. फोटोत मोजपट्टीचा कोणता आकडा सर्वांत रेखीव आला ते पाहायचे. काळ बदलला, पण तत्त्व क्लोदे यांचेच.

आमच्या नववीच्या मुलांनी हा प्रयोग केला. पहिल्या फोटोत फोकस ६ सेंटिमीटर मागे पडला. एका मुलाने लगेच दुरुस्तीचा आकडा भरायला घेतला. त्याला थांबवले आणि आणखी नऊ फोटो काढायला सांगितले, दर वेळी फोकस मुद्दाम पूर्ण बिघडवून. दहाही उत्तरे सारखी आली नाहीत. काही ५ सेंटिमीटर मागे होती, काही ९, आणि एक जवळजवळ शून्यावर. येथे मुलांना चुकांचे दोन प्रकार समोर दिसले. सगळी उत्तरे मिळून एका बाजूला सरकलेली आहेत, ही पद्धतशीर चूक. ती आकड्याने दुरुस्त होते. उत्तरे आपापसांत विखुरलेली आहेत, ही योगायोगाची चूक. ती कोणत्याही आकड्याने जात नाही, फक्त अधिक वेळा मोजून तिचा अंदाज घेता येतो. एकाच फोटोवरून दुरुस्ती केली असती, तर आम्ही कदाचित योगायोगालाच कायमचे कॅमेऱ्यात बसवले असते.

आणि मोजणारे साधनच चुकले असेल तर? मोजपट्टीचा शून्य पुठ्ठ्याच्या रेषेत नसेल, तर चांगला कॅमेराही आपण बिघडवून ठेवू. ही शंका क्षुल्लक नाही. एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि तिची चित्रे पुसट निघाली. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अतिशय काळजीपूर्वक घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. आकार तपासणाऱ्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेल्या जागी बसले होते. आरशाच्या कडा त्यामुळे सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट झाल्या. इतर दोन साध्या चाचण्यांत चूक दिसत होती. पण अचूक म्हणून नावाजलेल्या उपकरणापेक्षा त्यांच्यावर कमी विश्वास ठेवला गेला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुर्बिणीत दुरुस्त करणारे आरसे बसवले. त्यांनीही मूळ आरसा बदलला नाही. चूक नेमकी किती आहे हे मोजले गेले होते, म्हणूनच ती उलटी करून खोडता आली.

एकच वाट

फाटा फुटलेल्या वाटेवरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे फाटाच काढून टाकणे. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी१ हा बदलत्या लेन्सचा, आरसा नसलेला कॅमेरा आणला. अशा कॅमेऱ्यात चित्र उमटते त्याच सेन्सरवर फोकस मोजला जातो. २०१३ मध्ये कॅननच्या ईओएस ७०डी या कॅमेऱ्यात चित्राच्या सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूचे दोन भाग केले. पडद्यावर पाहून फोटो काढताना एक भाग लेन्सच्या डाव्या बाजूचे किरण पाहतो आणि दुसरा उजव्या बाजूचे. शाइनर यांची दोन छिद्रे आता प्रत्येक बिंदूपाशी आली! मोजण्याची आणि चित्राची जागा एकच झाल्यामुळे लेन्सनिहाय आकडे भरण्याची गरज अशा कॅमेऱ्यांत जवळजवळ उरलेली नाही. योगायोगाची चूक मात्र तेथेही आहेच.

आमचा कॅमेरा जुना, आरशाचाच. दहा फोटोंची सरासरी काढून मुलांनी त्यात उणे ७ हा आकडा भरला आणि पुन्हा दहा फोटो काढून तो तपासला. पुढच्या दिवाळीत बाई गावी आल्या, तेव्हा त्यांना शाळेत बोलावून सगळी हकीकत सांगितली. दोन्ही दुकानदार खरे बोलत होते, हे ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे दोघांची बेरीज बरोबर होती. फक्त शून्य दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी धरला होता."

त्याच खिडकीजवळ, त्याच खुर्चीवर बसवून बाईंचा पुन्हा फोटो काढला. या वेळी डोळे रेखीव आले आणि कुड्यांचे मोती पुसट. शिक्षकांच्या खोलीत आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आहेत. भिंगाचे सूत्र शिकवायची वेळ आली की नववीच्या वर्गाला आम्ही आधी तेथे घेऊन जातो.